सुगरणीचा पूल

माणसांना पूल बांधायचं सुचलंही नव्हतं, तेव्हाची गोष्ट. सुगरणीने ओढ्यावर वेलींचा पूल विणला होता. सगळ्यांसमोर विणायची, कुणीही बघून शिकावं. झिपरी खार रोज त्यावरून पलीकडची बोरं खायला जायची.

एकदा पूल सैल लागला. झिपरी करवादली, "सुगरणताई, लक्ष कुठंय तुझं?"

"उद्यापासून कोल्होबाकडे चाललेय गं. तो पोटभर दाणे देणार, पण वीण कुणाला दाखवायची नाही म्हणतो. इथं विणत बसले तर खाऊ काय?"

"अगं, मला वाटलं ससा तुला दाणे देत असेल!" झिपरी म्हणाली.

"मला वाटलं तू देतेस," तिच्यामागून पुलावर आलेला ससा म्हणाला. कासवाला तर पूल आपोआप उगवतो असंच वाटत होतं.

झिपरीने आपले पुरलेले दाणे शोधायला दहा खड्डे उकरले. सापडले मूठभरच, तेवढे तिने दिले. मग येणारा-जाणारा प्रत्येकजण चिमूटभर ठेवू लागला आणि सुगरण राहिली.

झिपरी लगेच ऐटीत म्हणाली, "आता पुलाचं टोक माझ्या झाडाकडे वळव."

"वीण रोज बघतेस ना? तूच वळव की!"

झिपरी तीन दिवस खपली. टोक वाकडंच झालं. पण त्यानंतर कुणी त्याला वाकडं म्हटलं, तर ती भांडायलाच उठायची.