चिमाईची उंच पावलं

फार वर्षं झाली. किती, ते मोजणारी माणसंही आता राहिली नाहीत. तांबडवाडीत चिमा नावाची एक कुंभारीण होती. बाईमाणसाने चाकाला हात लावू नये असा तेव्हा दंडक होता. नवरा वारल्यावर चिमाने तो गुंडाळून ठेवला आणि चाक चालवलं. तिच्या हातचं मडकं कधी गळलं नाही, असं म्हणतात. तिच्या तोंडाबद्दल मात्र लोक जपूनच बोलतात.

दर वर्षी थंडी पडली की गावात डोळ्यांचा एक वैद्य येई. चावडीपुढच्या पिंपळाखाली तो माणसाला बसवी आणि सुईने मोतीबिंदू बाजूला करी. आंधळा माणूस बोटं मोजून दाखवी. गाव तोंडात बोटं घाली. वैद्य पुढच्या गावाला गेला, की आठ दिवसांत बऱ्याच जणांपुढे परत अंधार पसरे. देवीचा कोप झाला, असं लोक म्हणत. देवीला बोल लावणं सोपं असतं, ती उलटून काही बोलत नाही.

एका वर्षी चार जणांनी डोळे करून घेतले. तिघांचे गेले, भिवसन पाटलाचा तेवढा राहिला. हा पाटील महाउर्मट होता. बाकीच्या तिघांनी वैद्याच्या पायांवर डोकं ठेवलं होतं, मग देवीपुढे, मग घरच्या थोरामोठ्यांपुढे. पाटील कोणापुढेच वाकला नव्हता, वैद्याला साधा रामराम न करता घरी गेला होता. उपकार मानणारे आंधळे झाले आणि न मानणारा टकामका बघत राहिला. गाव म्हणालं, घोर कलियुग. चिमा म्हणाली, "कलियुग बिलियुग काय न्हाई. वाकण्यातच कायतरी हाय."

तिने खाटकाकडून बोकडाचा डोळा मागून आणला, पळसाच्या पानावर ठेवला आणि उघडून पाहिला. पुढे पाण्यासारखी स्वच्छ खिडकी होती. तिच्यामागे थोडं पाणी, मग रंगीत बुबुळ. बुबुळातली बाहुली म्हणजे काहीतरी काळी वस्तू असेल असं चिमाला वाटलं होतं, ते नुसतं भोक निघालं. भोकामागे वाटाण्याएवढा स्वच्छ मणी, त्याच्यामागे अंड्यातल्या पांढऱ्यासारखा दाट रस आणि पार तळाला एक पातळ पडदा. तिने तो मणी मुंगीवर धरला, तर मुंगी भुंग्याएवढी दिसली. मग तिच्या सगळं ध्यानात आलं. म्हातारपणी हाच मणी भातासारखा पांढरा होतो. वैद्य त्याला सुईने खाली ढकलतो. माणूस वाकला, की खाली पडलेला मणी गडगडत पुन्हा पुढे येतो.

पुढच्या थंडीत तिने हे वैद्याला ऐकवलं. वैद्याने ते ऐकून घेतलं, ही त्याची थोरवी. तेव्हापासून सुई वैद्याची आणि माणूस चिमाचा, असं ठरलं. ती माणसाला उताणं निजवी. डोक्याखाली मडक्याची चुंबळ ठेवी, कारण चुंबळीवर घडा हलत नाही तर डोकं कसं हलेल? कानांशी दोन्हीकडे राळ्याच्या धान्याने भरलेल्या पिशव्या लावी, गुडघ्यांखाली घोंगडीची वळकटी घाली. नऊ दिवस असं पडायचं. खाणंपिणं तिच्या हातचं, शिव्याही तिच्याच. गावात डोळे टिकू लागले.

मग चिमाच्या उतारवयात सटवाजी लोहार आला. त्याचा एक डोळा तरुणपणीच ठिणगीने गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला होता. त्यात भात्याच्या धुराने त्याला दमा जडलेला. उताणा निजला की त्याचा जीव घुसमटे, तो रोज भिंतीला टेकून बसूनच झोपे. वैद्य म्हणाला, "याला मी हात लावणार नाही. नऊ दिवस हा निजू शकत नाही, आणि खोकला तर असलेला एकुलता एक डोळा जाईल."

सटवाजी चाचपडत उठला आणि जायला निघाला. चिमाला त्याची कणव आली, आणि भीतीही वाटली. तिने त्याचा हात धरला.

"निजू नगं. टेकून बस. मी हाय मागं."

तिने अंगणात मातीचा उतार रचला, ना धड निजलेला ना धड बसलेला. त्यावर सटवाजीला टेकवलं, तो घसरू नये म्हणून गुडघ्यांखाली वळकटी दिली. चुंबळ त्या उतारावर टिकेना. तेव्हा चिमा स्वतः उशाला बसली आणि त्याचं डोकं तिने आपल्या दोन्ही तळव्यांत धरलं. वैद्याने सुई चालवली, डोळ्यावर पट्टी बांधली. नऊ दिवस चिमा त्या जागची हलली नाही, असं म्हणतात. तिच्या पदरावर मुंग्यांनी वारूळ बांधलं, असंही म्हणतात. चौथ्या दिवशी सटवाजीला ढास येऊ लागली, तेव्हा चिमाने त्याचा खोकला आपल्या छातीत ओढून घेतला. पुढे जन्मभर ती खोकत राहिली. लोहार मात्र पुन्हा खोकला नाही.

नवव्या दिवशी पट्टी सुटली. सटवाजीला अंधुक दिसलं, पण दिसलं. समोर मडकी भाजायला चिमाने अर्धवट रचलेला नवा आवा होता, त्याची छातीएवढी भिंत दिसली, तिच्यावरचं आभाळ दिसलं. तो उभा राहिला, चिमाकडे वळला आणि वाकू लागला.

"वाकू नगंस!" चिमा ओरडली.

"मला अडवू नगंस, चिमाक्का," सटवाजी म्हणाला. "तुझ्या पाया पडल्याबिगर ह्या डोळ्यानं मी जग कसं बघू? गेला तर जाऊ दे."

तो ऐकणाऱ्यातला नव्हता. चिमाच्या हातांत त्याला धरायचं बळ उरलं नव्हतं, तळवे नऊ दिवसांत बधिर झाले होते. सटवाजीची मान खाली झुकू लागली.

"मान वर कर मेल्या!" चिमा म्हणाली. "तू खाली येऊ नगंस, मीच वर चढते."

आणि ती म्हातारी कोपरांवर जोर देत आव्याच्या भिंतीवर चढून उभी राहिली. तिची पावलं सटवाजीच्या छातीशी आली. त्याने मान ताठ ठेवली, नजर सरळ समोर ठेवली आणि हातांनी चाचपून तिची दोन्ही पावलं धरली. तो पोटभर रडला. ती भिंतीवर उभी राहून खोकत होती आणि त्याला शिव्या देत होती.

ती उतरली तेव्हा भिंतीवर पावलं उमटलेली होती. कोणी म्हणतं माती ओली होती, कोणी म्हणतं आवा धडधडून पेटलेला होता. मला विचाराल तर ओलीच असावी, पण तांबडवाडीत हे बोलायची सोय नाही.

तो आवा आता नाही, भिंत आहे. तिच्या पाया पडायला कोणी वाकत नाही. मान ताठ ठेवून, समोर बघत, हाताने चाचपून पावलं धरायची. आता डॉक्टर डोळ्यात नवं भिंग बसवून त्याच दिवशी घरी पाठवतात. तरी गावातलं म्हातारं माणूस डोळा करून आलं, की घरचे नऊ दिवस देव्हाऱ्यातले देव उचलून छातीएवढ्या फळीवर ठेवतात. एखादी नवी सून बिचकते, देवाला असं हलवावं का, म्हणून विचारते. तेव्हा सासू म्हणते, "चिमाई चढली, तर देवाला चढाय काय झालं?"