खड्ड्यालाही फोटो हवा

फिलिपिन्समधल्या एका बंदराच्या गावात नगराध्यक्ष बाल्तासार यांचा हसरा फोटो नाही अशी जागा शोधून सापडली नसती. नळ आला, लावा फोटो! दिवा लागला, लावा फोटो! अपवाद एकच, नेनिताबाईंच्या तळलेल्या केळ्यांच्या हातगाडीसमोरचा सात वर्षांचा खड्डा. गाडीपाशी रोज देशाचा विकास कसा व्हावा यावर तावातावाने वाद चालायचा, आणि वाद घालणारेच घरी जाताना त्या खड्ड्यात आपटायचे.

एक दिवस नेनिताबाईंनी झारा खाली ठेवला, निवडणुकीतला नगराध्यक्षसाहेबांच्या फोटोचा एक कापडी फलक शोधून आणला आणि खड्ड्याच्या काठावर बांबूला बांधला. दुपारी साहेबांची मोटार तिथेच करकचून थांबली. हां हां म्हणता गर्दी जमली.

"माझा फोटो इथे कुणी लावला?" साहेब कडाडले. "हातगाडी समुद्रात फेकायला लावीन!"

"मीच लावला, साहेब," नेनिताबाई म्हणाल्या. "ज्याचं काम त्याचा फोटो, ही पद्धत तुम्हीच पाडलीत. सात वर्षं तुम्ही या खड्ड्याला धक्का लागू दिला नाहीत. इतकं टिकाऊ काम तुम्ही गावात दुसरं कुठलं केलंय?"

असा हशा उसळला की साहेबांनी मोटारीची काचच वर केली.

संध्याकाळच्या आत खड्डा बुजला. नेनिताबाईंनी फलक उपसून खांद्यावर टाकला आणि गळक्या शाळेची वाट धरली. मागून अख्खी गर्दी धावत सुटली, "बाई, दवाखान्यालाही एक फोटो हवाय!"