तव्यावरची भाकरी आणि कमळांचं तळं

तीन डोंगरांच्या अलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात यादोबा नावाचा एक वैद्य राहत होता. हाताला गुण होता त्याच्या. नाडीवर बोट ठेवलं की पोटातलं सांगायचा. पण गावाला पथ्य सांगणाऱ्या या माणसाचं स्वतःच्या जिभेपुढे मात्र काही चालत नसे. त्याला भाकरी लागायची ती ज्वारीची, तव्यावरून थेट ताटात आलेली आणि तीही बायकोच्याच हातची. दुसऱ्या कुणाच्या घरी लग्नाचं जेवण असलं, तरी हा घरी येऊन पुन्हा ताट मांडून बसे.

बायकोचं नाव सगुणा. ती हसून म्हणायची, "मी माहेरी गेले की तुम्ही काय वारा खाता?" आणि खरं सांगायचं तर ती माहेरी जातच नसे. गेली तरी संध्याकाळी परत.

या सगुणेला आयुष्यात एकच हौस होती. लहान असताना तिच्या दारी एक कासार आला होता. बांगड्या भरता भरता त्याने सांगितलं होतं, की तीन डोंगरांपलीकडच्या मुलखात एक तळं आहे. तिथे वर्षातून आठच दिवस कमळं फुलतात. उजाडताना सगळी एकदम उमलतात आणि उमलताना त्यांचा आवाज होतो. सूर्य हातभर वर आला, की खेळ संपला. "फुलाचा आवाज?" असं तिने तेव्हा दहादा विचारलं होतं. लग्न झालं, मुली सासरी गेल्या, केस पिकले, तरी तो आवाज तिच्या डोक्यातून गेला नव्हता. दरवर्षी ती नवऱ्याला म्हणायची, "एकदा जाऊ या ना हो." आणि दरवर्षी यादोबा म्हणायचा, "पुढल्या साली बघू."

असं बघता बघता लग्नाला चाळीस वर्षं झाली. मग एका साली गावातली दहा-बारा माणसं बैलगाड्या जुंपून तो मुलूख पाहायला निघाली. यादोबाच्या मनात काय आलं कोण जाणे, तो म्हणाला, "चल, आपणही जाऊ." सगुणेचा विश्वासच बसेना. तिने पेटीतून एक हिरवं लुगडं काढलं. धाकट्या मुलीने दिलेलं, अजून घडीसुद्धा न मोडलेलं. "हे मी तळ्यावर नेसणार," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी लाजली.

पण गाडीत आधी काय चढलं? ज्वारीच्या पिठाचं पोतं. मग बेसन, मिरच्या, लसणाच्या माळा, तेलाची बुधली, परात आणि तो जाडजूड लोखंडी तवा. यादोबा स्वतः उभा राहून सगळं चढवून घेत होता.

"परमुलखातलं अन्न आपल्याला सोसत नसतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वैद्य आहे मी, मला ठाऊक."

"चुलीचे दगडही घेऊ का बरोबर?" सगुणेने विचारलं. सगळे हसले. यादोबाही हसला. दगड तिथे मिळतील, असं मात्र त्याने अगदी गंभीरपणे सांगितलं.

बाराव्या दिवशी गाड्या तळ्याकाठी पोहोचल्या. तिथल्या धर्मशाळेची मालकीण एक म्हातारी होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून तिने आपली भाषा थोडीफार उचलली होती. तिने सगळ्यांचं हसून स्वागत केलं आणि सांगितलं, "कमळांचे तीनच दिवस राहिले. पहाटे उठा, नाहीतर चुकाल."

सगुणेने संध्याकाळीच नवऱ्याला हळूच विचारलं, "उद्यासाठी दशम्या करून ठेवू का? दुधातल्या, टिकतात चांगल्या. म्हणजे सकाळी मला तळ्यावर येता येईल."

"दशम्या?" यादोबाने तोंड वाकडं केलं. "वाटभर दशम्याच खाल्ल्या की गं. आता मुक्कामाला आलोय, तर गरम भाकरी नको? आणि तीन दिवस आहेत ना? उद्या नाही तर परवा बघशील."

पहिल्या दिवशी यादोबा बाकीच्यांबरोबर तळ्यावर गेला. सगुणा धर्मशाळेच्या मागे चूल पेटवत बसली. तळ्याकाठचं लाकूड ओलं, नुसता धूर. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झाले. जाळ धरेपर्यंत ऊन अंगणात आलं होतं. मंडळी परतली, यादोबा पाटावर बसला आणि पहिला घास खाऊन म्हणाला, "वा! एवढ्या लांब येऊन घरची चव. याला म्हणतात सुख."

भाकरीचा खमंग वास धर्मशाळाभर पसरला होता. बाकीची माणसं म्हातारीच्या पंगतीत परक्या अन्नाशी झगडत बसली होती. एकजण उठून आला आणि म्हणाला, "वैद्यबुवा, एक चतकोर मिळेल का हो? जीव आसुसलाय."

आता काय सांगावं या माणसाला! यादोबाला एवढा अभिमान वाटला, की त्याने सगळ्यांनाच आवतण दिलं. "उद्या सगळ्यांनी आमच्याकडेच न्याहारीला यायचं. आमच्या हिच्या हातची भाकरी खाऊन बघा!" चुलीपाशी बसलेल्या सगुणेला त्याने विचारलंसुद्धा नाही. ती परातीतल्या पिठाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अंधार होता तेव्हापासून ती भाकऱ्या थापत होती. तीसेक झाल्या असतील. तळ्याकडून माणसांचे आनंदाचे आवाज येत होते, ते तिला थाप थाप करताना नीट ऐकूही येत नव्हते. मंडळी आली, पोटभर जेवली, तिचं कौतुक केलं, तिला अन्नपूर्णा म्हणाली. तिच्यासाठी एक अर्धी भाकरी उरली होती, ती तिने पाण्याबरोबर खाल्ली. संध्याकाळी तिने लुगड्याची घडी पेटीतून काढून पाहिली आणि धुराचा वास लागू नये म्हणून पुन्हा खाली ठेवून दिली.

उजाडला तिसरा दिवस. शेवटचा.

त्या दिवशी पहाटे सगुणा चुलीपाशी गेली नाही. ती यादोबापुढे येऊन उभी राहिली. "एक मागू?" ती म्हणाली. "आजचा एक दिवस इथलं खाऊन घ्या ना. मला तळं बघायचंय."

मागे ती म्हातारी उभी होती. तिच्या हातात एक ताटली होती आणि ताटलीत कमळाच्या पानात गुंडाळून वाफवलेलं काहीतरी. पानाच्या कडेने वाफ निघत होती. "घ्या वैद्यबुवा," म्हातारी म्हणाली. "आमच्याकडे पाहुण्याला हेच देतात. पोटाला हलकं असतं. बाईंना जाऊ द्या आज."

यादोबाचा हात पुढे आलाही होता. खरंच आला होता, खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यात त्याचं लक्ष सोबत्यांकडे गेलं. सगळे दारात थांबून बघत होते. बारा दिवस वाटभर ज्यांना हा सांगत आला होता, की मी परमुलखातल्या अन्नाला शिवणार नाही, तेच हे सगळे. आता खाल्लं तर हे काय म्हणतील? त्याने हात मागे घेतला आणि ताटली बाजूला सारली.

"माझ्या घशाखाली नाही उतरायचं हे," तो म्हणाला. मग सगुणेकडे न बघता पुढे म्हणाला, "तू जा हवं तर. जा ना. मी राहीन उपाशी. एका दिवसाने काही मरत नाही."

आता सांगा, चाळीस वर्षं ज्या बाईने नवऱ्याच्या आधी घास घेतला नाही, ती हे ऐकून जाईल का? सगुणेने पदर खोचला आणि मागच्या दारी जाऊन चूल पेटवली. म्हातारी ताटली हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, परक्या बाईसाठी.

मंडळी यादोबासकट तळ्यावरून आली. यादोबा पाटावर बसला, भाकरी मोडली आणि खाता खाता सांगू लागला, "अगं, काय ती कमळं! जिकडे बघावं तिकडे गुलाबी. डोळ्यांचं पारणं फिटलं."

सगुणेने तव्यावरची भाकरी उलटली. "आणि आवाज?" तिने विचारलं. "उमलताना आवाज येतो का हो, खरंच?"

यादोबा खाता खाता थांबला. आठवू लागला. "आवाज होय? कोण जाणे बुवा. लक्षच नव्हतं माझं. भूक लागली होती ना, सगळं ध्यान इथे भाकरीकडे."

सगुणा म्हणाली, "बरं." आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

गाड्या परत गावी आल्या. दुसऱ्या दिवशी शेजारणी अंगणात जमल्या. यादोबा ओट्यावर बसून खलात औषध कुटत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

"सांग ना गं, काय काय पाहिलंस?" एकीने विचारलं.

सगुणा जरा विचार करून म्हणाली, "तिथलं लाकूड ओलं असतं बाई. धूर फार होतो. पाणी मात्र गोड आहे. पीठ छान मळलं जातं त्यात."

"अगं, ते राहू दे. कमळं कशी होती?"

"ती ह्यांनी पाहिली," सगुणा म्हणाली. "ह्यांना विचारा." तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती आपलं खरं ते सांगत होती.

यादोबाचा खलातला हात थांबला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपली लाज वाटली. त्या संध्याकाळी तो बायकोजवळ जाऊन बसला. "सगुणे, पुढल्या साली पुन्हा जाऊ. मी तिथलं खाईन. काय मिळेल ते खाईन. तू फक्त तळ्यावर बसायचं."

"जाऊ," ती म्हणाली. त्याच्या बोलण्यावर ती नेहमीच विश्वास ठेवायची.

पण थंडीत तिला ताप भरला. खोकला छातीत उतरला. यादोबाने येत होते तेवढे काढे दिले, नाडी धरून दिवसचे दिवस बसला. गावाला बरं करणारा हा वैद्य आपल्याच घरात हरला. तिला काही खावंसं वाटेना. त्याने चुलीवर पेज करायचा प्रयत्न केला, तर ती खाली लागून करपली. साधी पेज येत नव्हती त्याला. शेजारीण घेऊन आली तेव्हा सगुणेच्या तोंडात दोन चमचे गेले.

शेवटच्या दिवसांत तिने एकदाच त्याला विचारलं, "त्या म्हातारीने पानातून काय आणलं होतं हो? गोड असेल का तिखट?"

यादोबाने ते पान उघडूनही पाहिलं नव्हतं. त्याला ठाऊकच नव्हतं.

दोन दिवसांनी सगुणा गेली. बायकांनी तिला ते हिरवं लुगडं नेसवलं. घडी तेव्हा मोडली. यादोबा दाराच्या चौकटीला धरून रडला, पण आता त्याच्या रडण्याचा तिला काय उपयोग?

पुढल्या साली यादोबा एकटाच निघाला. गाडी नाही, पोतं नाही, तवा नाही. वाटेत कुणी काय वाढेल ते खाल्लं. तळ्याकाठी पोहोचला आणि पहाटे जाऊन पाण्याजवळ बसला. कालवा करणारी मंडळी बरोबर नव्हती, पोटात भूक होती, पण तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. उजाडू लागलं आणि पाण्यावरून आवाज आला. अगदी हलका. लेकराला निजवताना आई पाठीवर थोपटते ना, तसा. एक, मग शंभर, मग सगळ्या तळ्यावर.

यादोबा मागे वळला. "सगुणे, येतो गं आवाज! खरंच येतो!"

मागे कुणीच नव्हतं. सूर्य हातभर वर आला आणि आवाज थांबला.

तो धर्मशाळेत आला. म्हातारीने त्याला ओळखलं. दाराकडे बघून तिने विचारलं, "बाई?" यादोबाने नुसती मान हलवली. म्हातारी आत गेली आणि ताटली घेऊन आली. तेच कमळाचं पान, तीच वाफ. यादोबाने पान उलगडलं. आत तांदळाच्या पिठाची उकड होती, मीठ आणि जिरं घातलेली. बस्स, एवढंच. सणावाराला सगुणा करायची अगदी तशी.

त्याने घास घेतला. घास घशाखाली उतरला. अगदी सहज उतरला.

"कसं लागलं?" म्हातारीने विचारलं.

"आमच्या घरचंच आहे," यादोबा म्हणाला आणि ताटलीवर डोकं टेकवून बसून राहिला.

आता तात्पर्य मी वेगळं काय सांगू? तरी सांगतो, कारण आपल्या सगळ्यांच्याच घरात कुणीतरी चुलीपाशी बसलेलं असतं: परमुलखात गेल्यावर आपल्या जिभेला घरची चव हवी असते खरी, पण ती चव पुरवणाऱ्या माणसालाही डोळे असतात, कान असतात, एक घास परका खाऊन त्याला वेळेवर मोकळं करावं, नाहीतर पुढे घास उतरतो आणि सांगायला माणूस उरत नाही.