बूट वर पुसायची टेकडी

अहो, थांबा, थांबा! बूट इथे खाली पुसू नका. निळ्या जर्किनवाले, तुम्हालाच म्हणतेय. या टेकडीवर चिखलाच्या पायांनीच चढायचं असतं. वर वेलींच्या शेवटी तो उभा दगड दिसतोय ना, बूट तिथे खरवडायचे, निघालेली माती वेलीच्या बुंध्याशी टाकायची, आणि मगच आमच्या लाल वाइनचा पेला हातात मिळतो. पांढरे बूट घालून आलात तर तो तुमचा दोष.

मी मूळची मिरजेची. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी या घरची सून होऊन फ्रान्सच्या या खेड्यात आले. पहिल्याच दिवशी, आपल्या वळणाप्रमाणे, पायथ्याच्या नळावर पाय स्वच्छ धुऊन वर गेले आणि सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग मला जवळ बसवून त्यांनी ही गोष्ट सांगितली. खरीखोटी मला विचारू नका, इथे असं सांगतात.

तीनशे वर्षं झाली म्हणे. हा मळा तेव्हा क्लेमांस नावाच्या बाईचा होता. मळा म्हणजे काय, तर उभ्या चढावर वेलींच्या अकरा ओळी, बापाने लावलेल्या आणि तिने एकटीने जपलेल्या. एका उन्हाळ्यात ढगफुटी झाली. घटकाभरात टेकडीवरची सगळी माती वाहून खाली जहागीरदाराच्या शेतात पसरली. वर राहिला नुसता खडक आणि उघड्या पडलेल्या मुळ्या. दोन दिवस कडक ऊन लागलं असतं तर वेली गेल्या असत्या आणि बाई आयुष्यातून उठली असती.

क्लेमांस माती मागायला जहागीरदाराकडे गेली. गॅस्पार त्याचं नाव. या मळ्यावर त्याचा कधीपासून डोळा होता. तो म्हणाला, "माझ्या शेतात पडली ती माती माझी. पण उद्या उजाडल्यापासून सूर्य बुडेपर्यंत तू एकटीने पाठीवर वाहून नेशील तेवढी तुझी. दुसऱ्या कोणी हातात ढेकूळ जरी घेतलं, तरी मळासुद्धा माझा."

काय करणार बिचारी! कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी ती पाटी भरून चढायची, ओतायची, पुन्हा उतरायची. दुपार झाली तरी एक ओळसुद्धा झाकली गेली नव्हती. गुडघे फुटले, खांदे सोलले. गाव बांधावर उभं राहून बघत होतं आणि कुणाला काही करता येत नव्हतं. जहागीरदाराचे पहारेकरी प्रत्येकाच्या हातांवर नजर ठेवून होते.

टेकडीच्या माथ्यावर मेरीमाउलीचं छोटंसं देऊळ आहे. तिकडे जाणारी पायवाट जहागीरदाराच्या शेतातूनच जाते आणि ती पहिल्यापासून सगळ्यांना मोकळी. लोहाराची म्हातारी आई, आन्येस, क्लेमांससाठी मागणं मागायला त्या वाटेने निघाली. खाली शेतात घोटाभर चिखल. वर पोचेपर्यंत तिचे लाकडी जोडे इतके जड झाले की पाऊल उचलेना. म्हातारी एका वेलीपाशी टेकली आणि काडीने जोडे खरवडू लागली. माती पडली ती नेमकी मुळ्यांवर. काहीजण म्हणतात, हे आपलं सहज घडलं. सासूबाईंना ते मान्य नव्हतं. "पक्की होती म्हातारी!" असं त्या ठासून सांगायच्या.

ते काही असो, त्यानंतर अख्ख्या गावाला अशी काही भक्ती सुटली म्हणता! पाववाला निघाला, सुईण निघाली, जन्मात देवळाची पायरी न चढलेला खाटीक निघाला. खालच्या चिखलातून जायचं, वर येऊन जोडे खरवडायचे, माउलीला हात जोडायचे आणि पुन्हा खाली. कुणी दहा वेळा दर्शन घेतलं, कुणी वीस वेळा. बायकांच्या घोळदार झग्यांनी तर पाटी पाटी चिखल वर ओढून आणला. हात मात्र सगळ्यांचे कोरडे. देवाला चाललेल्या माणसाला अडवायची पहारेकऱ्यांची छाती होईना.

सूर्य टेकला तेव्हा अकराच्या अकरा ओळींच्या मुळ्या झाकलेल्या होत्या. गॅस्पार संतापून वर आला. घोडा चिखलात घसरायला लागला म्हणून पायीच आला. "ही फसवणूक आहे!" म्हणून ओरडला. क्लेमांसला उभंही राहवत नव्हतं. ती त्या दगडाला टेकून बसली होती. हळूच म्हणाली, "सरकार, बूट पुसा. माझी थोडी माती अजून तुमच्या पायांना आहे."

गॅस्पारने खाली पाहिलं. मग म्हणे तो वाकला आणि त्याने एक बूट खरवडला, मग दुसराही, अगदी टाचेपर्यंत.

आजही पावसाबरोबर माती खाली जाते आणि आजही गाव ती पायांनी वर आणतं. या अकरा ओळींच्या वाइनसाठी पॅरिसची बडी बडी हॉटेलं वर्षभर आधी पत्रं पाठवतात. मिळेलच असं नाही, हे मी त्यांना स्वतःच्या हाताने लिहून कळवते आणि मला त्याचा फार अभिमान आहे! आणि आजही तोडणीच्या पहिल्या दिवशी बूट खरवडायचा पहिला मान गॅस्पारच्या घराण्याचा. ती माणसं तो मान ताठ मानेने घेतात. गेल्या वर्षी त्यांच्या घरची नात आली, चार महिन्यांचं बाळ घेऊन. बाळ कसलं चालतंय! तिने खाली वाकून त्याच्या इवल्याशा तळव्यांना चिखल लावला, त्याला छातीशी धरून सगळा चढ चढली आणि दोन्ही पाय वेलीच्या बुंध्याशी पुसले.

खोटं कशाला सांगू, आम्ही सगळे रडलो.