हाकेचा खडक

होडीतून उतरताना गडाच्या दरवाजाखाली हा सपाट काळा खडक लागतो ना, त्यावर चप्पल घालून उभे राहू नका, मंडळी. फोटो खुशाल काढा. लोक पॅरासेलिंग करून, बनाना राइडवर भिजून इथे येतात, तोफा बघतात, शहाळे पितात आणि जातात. या खडकाकडे कुणी ढुंकून बघत नाही, याचे मला वाईट वाटते. आमच्या माडबंदरात याला हाकेचा खडक म्हणतात.

फार जुनी गोष्ट. गडावरच्या देवीची जत्रा तेव्हाही माघातच भरे. गावात भिवा नावाचा तांडेल होता, म्हणजे होडी हाकणारा मुख्य. त्याची बायको मथू नवीनच लग्न होऊन आलेली, माहेरी लाडात वाढलेली. एकदा तिने दारातून नवऱ्याला सरळ नावानेच हाक मारली. सासूने कपाळाला हात लावला. "घोवाचा नाव घेतला तर तेचा आयुष्य सरता गो!" भिवालाही राग आला. त्याने तिला देवीपुढे नेऊन पुन्हा नाव न घेण्याची शपथ घ्यायला लावली. नवऱ्यावर तिचा जीव होता, म्हणून तिने ती पाळली.

त्या वर्षी जत्रेला दोन होड्या आल्या, एक बायकांची आणि एक पुरुषांची. दुपार कलताना वारा फिरला आणि परतायची एकच घाई उडाली. ओटीचा नारळ विसरला म्हणून मथू देवळात मागे गेली होती. सासूला वाटले, सून नवऱ्याच्या होडीत बसली; भिवाला वाटले, ती आईबरोबर आहे. ती धावत खाली आली तेव्हा दोन्ही होड्या सुटल्या होत्या.

या खडकावर उभी राहून ती ओरडली, "अवोऽऽ! अवोऽऽ!" हाक होडीपर्यंत पोचली, असे सांगतात. भिवानेही ऐकली म्हणे. पण त्या होडीतला प्रत्येक बाप्या कुणाचा तरी 'अवो'च. बायकांच्या होडीतून कुणीतरी आपल्या नवऱ्याला बोलावतेय, असे समजून तो वल्ही मारत राहिला.

वर तटावर म्हातारा गुरव होता. गडावर राहिलेले ते दोघेच. ही नवी सून कुणाची, हे त्याला ठाऊक नव्हते. तो ओरडला, "नाव घेवन हाक मार गो!" तिने मान हलवली. "मग माका सांग, मी मारतंय!" सांगायचे तरी नाव घ्यावेच लागणार. तिने मंगळसूत्र मुठीत धरले आणि पुन्हा "अवो" म्हणाली. भरती चढत होती. गुरव धडपडत खाली उतरला, तोवर लाटेने तिला ओढून नेले होते.

मथूने नाव घेतले नाही, आणि भिवा खूप जगला. बरोबरीचे सगळे गेले तरी हा आपला जिवंत. गावात नवी सून आली की तिला होडीत घालून इथे आणायचा आणि हात जोडायचा. "नाव घे गो बाय. ह्या आयुष्य घेवन मी काय करू?" झालेली चूक त्याने काही फिरत नाही. पण चाल पडली ती पडली.

आजही शेवटची होडी सुटण्याआधी आमच्या बायका या खडकावर उभ्या राहून नवऱ्याला नावाने हाक मारतात आणि होडीतून नवरा "ओ" देतो. लाजू नका, ताई, तुम्हीही मारा. सगळ्यांचे झाले की बायका मिळून मथूच्या वतीने एक हाक घालतात, "भिवाऽऽ!" तेव्हा होडीतले बाप्ये खाली मान घालून बसतात. त्या हाकेला ओ द्यायला कुणी नाही.