खूण नसलेला पाव

एका राज्यात, फ्रान्स देशीच्या डोंगराळ मुलखात, व्हालमोरें नावाचं चाळीस घरांचं गाव होतं. गावाला भट्टी एकच, ती ओदीलबाई सांभाळत. एके सकाळी भट्टीबाहेर कुणीतरी म्हणालं, "आपलं गाव नदीपलीकडे जाणार म्हणे, आणि मग..." तेवढ्यात चर्चची घंटा वाजली नि पुढचं ऐकायचं राहून गेलं.

ओदीलबाईंना गावापेक्षा लेकीचा घोर. तिचं लग्न ठरलेलं, आणि वऱ्हाड तीन दिवस टेकडीभोवती गरगर फिरत होतं. त्यांना गावच दिसेना. उद्या आम्ही परत जाऊ, असं विहीणबाई ओरडत होत्या; त्यांचा आवाज तेवढा नीट पोचत होता.

कारण होता शाप. राजाचे नकाशे काढणारा जादूगार मागे उपाशीपोटी गावात आला होता. भट्टीत चाळीस पाव, पण प्रत्येकावर ज्या त्या घराची खूण. दुसऱ्याच्या खुणेचा पाव द्यायचा नाही, ही गावची रीत. जादूगार रागावला, त्याने नकाशातून गाव पुसलं, आणि परक्यांना ते दिसेनासं झालं.

चर्चच्या मनोऱ्यावरचा कावळा म्हणाला, "बाई, गाव पुन्हा नकाशात यायचं तर जादूगाराकडे तीन गोष्टी ने. टेकडीची उंची, नदीचं वय आणि खूण नसलेला पाव."

"जादूगार भेटेल कुठे?"

"पुलावर बसलाय. अजून उपाशीच आहे."

टेकडीची उंची मेंढपाळाने सांगितली: चढताना दोन चिलमी, उतरताना एक. नदीचं वय धुणं धुणाऱ्या आजीला विचारलं.

"बाईमाणसाचं वय विचारू नये," आजी म्हणाली. "आता ती गावाच्या पूर्वेला वाहते, माझ्या पणजीच्या वेळी पश्चिमेला होती. एवढं सांग त्याला."

पाव मात्र अडला. बिनखुणेचा पाव कुणाच्या पिठाचा, यावर चाळीस घरं भांडली. शेवटी ओदीलबाईंनी घरोघर मूठभर पीठ मागितलं. प्रत्येकीने आपली मूठ देताना शेजारणीची डोळ्यांनी मापून घेतली. पाव झाला गाडीच्या चाकाएवढा.

जादूगाराने तो सगळा खाल्ला, मिशा पुसल्या, आणि ऐकलं तसं नकाशात उतरवलं. तत्क्षणी गाव प्रकटलं. विहीणबाई सर्वांत आधी आत शिरल्या, आणि जेवायला काय आहे ते विचारू लागल्या.

लग्न लागलं. तेव्हापासून भट्टीत एक पाव बिनखुणेचा असतो, येईल त्याचा.

आणि ती नदीपलीकडची वार्ता? गाव जागचं तसूभर हललं नाही. पण जादूगाराच्या ध्यानात आजीची पणजीच तेवढी राहिली, म्हणून राजाच्या नकाशात नदी अजून पणजीच्या वेळची वाहते, आणि गाव पलीकडच्या तीरावर बसलंय. चूक सांगायला कुणी गेलं नाही. तेवढं पीठ पुन्हा मागत कोण फिरणार?