न चाललेले जनरेटर

चाळीस मजली टॉवरचे मालक राजाध्यक्ष यांनी महापालिकेला लिहून दिलं होतं, की डिझेलचे चारही जनरेटर वर्षभर बंद होते, त्यामुळे इमारतीतून धूर निघालाच नाही. तपासनीस वैजयंती तांडेल टॉवरमागच्या चाळीतून आल्या. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांवरही काजळी बसली होती. बाई आतून धुमसत होत्या.

“सही करा आणि निघा,” राजाध्यक्ष म्हणाले.

“करते. पण वर्षभर न लागलेले जनरेटर आता तरी कशाला हवेत? चारहींना आत्ताच सील ठोकते.”

राजाध्यक्ष ताडकन उठले. “असं कसं? रोज दुपारी वीज जाते. मग लिफ्ट कशावर चालवायच्या?”

तांडेलबाईंनी कोरा कागद त्यांच्यापुढे आपटला. “हेच लिहा. रोज किती तास, तेही लिहा.”